खाडीची मोटर

वस्तूंची बोली वस्तूंना कळत होती, त्या दिवसांतली ही हकीकत. पाव विकणाऱ्या सुलेमानचाचाला चढ झेपेना आणि बॅटरीवरची नवी सायकल परवडेना. म्हणून त्याने भंगारातून मोटर आणून आपल्या जुन्या सायकलीला बसवली.

"तू कुठली गं?" सायकलने विचारलं.

"खाडीत पडलेल्या स्कूटरची," मोटर म्हणाली. "मला बाहेर काढलं. मालक तिथेच राहिला."

तेव्हापासून खाडीचा बांध आला की मोटर आपोआप वेग घेई. सायकल घाबरे, पण चाचाचे कष्ट वाचत होते, म्हणून तशीच धावत राही.

एका संध्याकाळी बांधावर चाचाने बटण बंद केलं, तरी मोटर थांबेना. "तो हाक मारतोय," ती पुटपुटली आणि पाण्याकडे ओढू लागली. ब्रेक लागेनात. शेवटी सायकलने हँडल वळवून स्वतःला काटेरी झुडपात झोकून दिलं. टायर फाटले, पाव विखुरले, पण चाचा वाचला.

त्याने तारा तोडल्या. मोटर फिरतच होती. मग त्याने ती सोडवली आणि पाण्यात सोडून दिली.

थोड्या वेळाने पाण्याखाली स्कूटरचा हॉर्न वाजला. सायकलला ऐकू आला, चाचालाही. मग तो लांब लांब जात विरून गेला.