सेलिनच्या लग्नाची फुलं

“...मग लिली की गुलाब, सिस्टर? तेवढं एकच सांगा.”

सिस्टर बेनिग्ना कॉन्व्हेंटच्या मागच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

समोर जासिंता उभी होती. दोन्ही हातांत एकेक बुके. एक पांढऱ्या लिलींचा, एक फिक्या गुलाबांचा. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

शाळेत असताना ती याच सिस्टरांच्या हाताखाली वेदीची फुलं सजवायला शिकली होती. आता वसईच्या त्या पट्ट्यात लग्न ठरलं, की लोक हॉलच्याही आधी जासिंताची तारीख घेत. नवरीच्या हातातला बुके तिचा हवा, जेवणाच्या टेबलांवरची फुलंही तिचीच हवीत. तिच्यासारखं दुसरं कुणी करत नाही, असं लोक म्हणत. तिचंही तेच मत होतं.

येत्या रविवारी तिच्या धाकट्या बहिणीचं, सेलिनचं लग्न होतं. आणि जासिंताला फुलं निवडता येत नव्हती.

“सेलिन काय म्हणते?” सिस्टरांनी विचारलं.

“म्हणते, तू देशील ते चालेल.” जासिंताचा आवाज चढला. “चालेल म्हणे! लोकांच्या मुली फोटो घेऊन येतात, माझ्यासमोर तासभर बसतात. आणि हिला काहीही चालतं.”

“मग दे काहीही.”

“काहीही कसं देऊ? बांधते आणि सोडते, बांधते आणि सोडते. लिली बांधली की मयताची वाटते. गुलाब बांधला की वाटतं, हा तर मी कुणालाही देते. टेबलांचंही तेच. काल पहाटे दादरला गेले, पाटी भरून ऑर्किड आणली. घरी येऊन बघितली आणि आळीत वाटून टाकली.”

“वाईट होती?”

“नाही.”

सिस्टरांनी शेंग मोडली. दाणे टोपात पडले.

“चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी तू कुठे असशील?”

“हॉलवर.”

“बहिणीच्या लग्नाच्या मिस्साला?”

“टेबलांवरची फुलं तेव्हाच मांडावी लागतात, सिस्टर. आधी मांडली तर पंख्याखाली माना टाकतात. मी नेहमी मिस्साच्या वेळीच मांडते.”

“आणि जेवण झाल्यावर?”

“पप्पांना घरी नेईन. लकवा झाल्यापासून त्यांना फार बसवत नाही. दुपारचं औषध असतं, अंग पुसायचं असतं. सेलिन ते... म्हणजे सेलिन करायची. एक दिवस ती, एक दिवस मी. आई गेल्यापासून असंच चाललंय.”

“आणि सोमवारी?”

जासिंताने लिलींचा बुके फिरवून पाहिला.

“मंगळवारी?”

सिस्टरांनी टोप बाजूला सारला. गुडघ्यावर हात टेकून त्या सावकाश उठल्या.

“आण इकडे.”

त्यांनी तिच्या हातांतले दोन्ही बुके घेतले. जासिंताला वाटलं, आता यांतला एक परत मिळेल. सिस्टरांनी एकाकडेही पाहिलं नाही. दोन्ही जमिनीवर, शेंगांच्या सालांपाशी ठेवले आणि पुन्हा खाली बसल्या.

जासिंता तशीच उभी राहिली. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिने ते ड्रेसला पुसले. घडी घातली, सोडली. मग ती ओट्याच्या पायरीवर बसली.

“मला तिचा हेवा वाटत नाही, सिस्टर.”

“मी विचारलं नाही.”

“मुलगा चांगला आहे. मीच पसंत केला...”

“हं.”

“मी फक्त दमलेय.”

एवढं म्हणून ती रडू लागली. आवाज न करता, बराच वेळ. सिस्टरांनी तिला गप्प केलं नाही.

“सेलिनला सांगितलंस?”

“लग्नाच्या तोंडावर? ती लग्नच मोडेल.”

“ती मोडणार नाही. तू सांग.”

जासिंताने ओढणीने तोंड पुसलं. “आणि फुलांचं?”

“फुलं कुणीही मांडेल. तू पहिल्या बाकावर बस.”

“कुणीही म्हणजे कोण? काकी? तिला देठ कुठे कापायचा तेही कळत नाही.”

“काकीला सांग.”

“लोक काय म्हणतील, सिस्टर? जासिंताच्या सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि...”

“मी आता दमले गं बाय,” सिस्टर म्हणाल्या, आणि टोप पुढ्यात ओढून घेतला.

त्या संध्याकाळी जासिंताने सेलिनला सांगितलं. पप्पांच्या खाटेशेजारी दोघी बसून राहिल्या. सेलिन आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली, “मला कळतच नव्हतं, तू माझ्याशी बोलत का नाहीस.” पप्पांचं पुढे कसं करायचं, ते त्या दिवशी काही ठरलं नाही. शनिवारी घरात होता त्या निशिगंधाचा बुके दोघींनी मिळून बांधला. तो जरा लहानच झाला.

रविवारी जासिंता पहिल्या बाकावर बसली. शेजारी पप्पांची चाकाची खुर्ची. वचन देताना सेलिनचा आवाज मध्येच अडला. तिने वळून बाकाकडे पाहिलं. जासिंता तिथे होती. मग सेलिनने पुढचे शब्द म्हटले.

हॉलमध्ये काकीने जमेल तसं केलं होतं. गुलाब एका बाजूला कलले होते. जासिंताची बोटं दोनदा पुढे गेली, दोनदा तिने ती मागे घेतली. जेवणं झाली. पप्पांना सेलिनच्या नवऱ्याने उचलून गाडीत बसवलं.

सिस्टर निघाल्या तेव्हा जासिंता त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली. दोघींचे पाय दुखत होते. दोघी हळूहळू चालल्या.

“बघितलंत ना, सिस्टर?” जासिंता म्हणाली. “सगळी फुलं वाकडी. देठ खोचायचा खालचा हिरवा स्पंज दिसत होता. कडेच्या टेबलांवर तर काही नव्हतंच... माझ्या बहिणीच्या लग्नात.”

सिस्टर थांबल्या. काठीवर भार टाकून त्यांनी श्वास घेतला.

“कुठली फुलं, बाय?”