काळीचा अपुरा खड्डा

एका राज्यात मातीला विचारल्यावाचून कोणी कुदळ उचलत नसे. राज्य लहानसंच, पण माती तीन तऱ्हांची. नदीच्या दोन्ही अंगांना काळी, खोल आणि चिकण. एकदा पोटभर पाऊस प्याली की थंडीत नुसत्या दवावर हरभरा पिकवणारी. तिच्या वरच्या उंचवट्यावर पांढरी, घट्ट आणि कोरडी. तिच्यावर गाव वसलेलं. त्याहून वर माळ. खडकावर वीतभर तांबूस मुरमाची माती आणि तिच्यावर कंबरेला लागणारं गवत. काळी पेरायची, पांढरीवर राहायचं, माळ राखायचा, असा त्या राज्याचा रिवाज होता.

नवी वास्तू उभारायची झाली की विचारायची रीतही ठरलेली होती. हातभर खड्डा खणायचा. निघालेली माती त्याच खड्ड्यात परत लोटायची. माती उरली, तर भूमी म्हणते, "ये, राहा." कमी पडली, तर भूमी म्हणते, "इथं नको." मग माणसं कुदळ खांद्यावर टाकून मुकाट माघारी वळत. नाही म्हणणाऱ्या मातीशी कोणी वाद घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

राजा धवलकेतू तरुण होता. त्याला नदीकाठी पांढराशुभ्र महाल हवा होता, पाण्यात उलटा दिसेल असा. ती जागा काळीतली. मुहूर्त काढला, खड्डा खणला, भरला. लोकांनी पाहिलं, तर खड्ड्यावर मातीचा ढीग उरलेला. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काळी कधी हो म्हणत नसते. पण ढीग डोळ्यांसमोर होता आणि शंख वाजले होते.

महाल झाला. महालाभोवती नगर झालं. पांढरीवरची घरं ओस पडली. पेरायची काळी घरांखाली गेली, म्हणून नांगर माळावर चढले. एक वर्ष माळानं मूठभर धान्य दिलं. दुसऱ्या वर्षी वाऱ्यानं त्याची माती उचलली आणि खालचा खडक दिसू लागला, जसं आजाऱ्याचं हाड दिसावं.

मग उन्हाळा आला आणि काळी उकलली. महालाच्या चौकात भेगा पडल्या. भर दुपारी, सावली पायाशी गोळा झाली की त्या रुंदावत, आणि ऊन कलल्यावर मिटत. आधी एक समई गेली. मग एका दासीचं पैंजण. मग एक वासरू. गेलेली वस्तू दिसत नसे, पण दुपारी तिचा आवाज येई. जमिनीखाली पैंजण वाजे, आणि वाजणारा पाय चालत चालत कधी शयनगृहाखाली येई, कधी मुदपाकखान्याखाली.

राजाच्या पदरी भैरवजटी नावाचा मांत्रिक होता. "महाराज, जमीन खिळवून टाकतो," असं म्हणून त्यानं चौकात लोखंडी खिळे ठोकायला घेतले. शेवटचा खिळा ठोकायला वाकला आणि खिळ्यासकट गेला. काही दिवस खालून त्याचे मंत्र ऐकू येत होते. मग थांबले. मग पुन्हा सुरू झाले, पण उलट्या क्रमानं.

त्याच सुमारास राजाचे पाय जड झाले.

मंजिष्ठा ही राजाची धाकटी बहीण. बोलायची कमी, बघायची फार. सभेत ती खांबाआड बसे, पण कुणाच्या अंगरख्याचा टाका उसवला आहे हेही तिला ठाऊक असे. भावाचे पाय धुताना तिला दिसलं की तळव्यांना बारीक भेगा आहेत, आणि भेगांतून रक्त येत नाही. तिनं पाणी ओतलं. पायांनी ते पिऊन टाकलं.

"दादा, दुखतं का?"

"नाही," राजा म्हणाला. "काही लागतच नाही. कुणाला सांगू नकोस."

दिवसागणिक माती चढत गेली. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. राजा सिंहासनावर शाल पांघरून बसू लागला.

चौकाच्या कोपऱ्यात एक टिटवी राहत असे. माळ नांगरला गेल्यापासून तिला अंडी घालायला जागा उरली नव्हती. भर दुपारी ती ओरडे आणि दासी तिला दगड मारत. एके दुपारी मंजिष्ठेनं दासीचा हात धरला.

"बरं केलंस, पोरी," टिटवी म्हणाली. "सगळे म्हणतात, मी अभद्र ओरडते. अभद्र दिसल्यावर काय जात्यावरच्या ओव्या म्हणू?"

"तुला काय दिसतं?"

"तुझा भाऊ या जमिनीचा भरणा होतो आहे. माती ओठांवर आली की संपलं. मग तो या चौकाचा एक तुकडा असेल आणि त्याच्यावरून लोक चालतील."

"उपाय सांग."

"तीन ठिकाणी जा. काळीत, माळावर, पांढरीवर. जिचं जे असेल ते तिला दे. आणि कुणी फुकट काही देऊ केलं, तर आधी नीट बघ. बघता येतं तुला, म्हणून तर सांगते. तुझ्या मांत्रिकाला बोलता येत होतं. काय झालं ते ऐकतेच आहेस."

मंजिष्ठेनं पदर खोचला. सगळ्यात रुंद भेग उघडली तेव्हा ती तिच्या काठावर बसली आणि आत उतरली.

आत गारवा होता आणि ओल्या मातीचा वास. डोळे सरावले तेव्हा तिला ओळी दिसल्या. पाभरीनं पेरावं तशा सरळ ओळी. ओळीत समई उभी होती, तिच्या बुडाला पांढरी मुळं फुटलेली. पैंजण होतं, त्यातून एक कोंब वर आलेला. कोंब हलला की पैंजण वाजे, आणि तो नाद ओळीओळींतून महालाखाली फिरत जाई. वासरू उभं होतं. त्याचे खूर मातीत रुजले होते, डोळे उघडे होते, आणि ते मंजिष्ठेकडे बघत सावकाश रवंथ करत होतं. शेवटच्या ओळीत भैरवजटी कंबरेपर्यंत गाडलेला होता. त्याच्या जटांना मुळं आली होती.

"राजकन्ये," तो पुटपुटला, "या जमिनीला एक तोडगा आहे..."

"आधी स्वतःला उपटा, मग सांगा," मंजिष्ठा म्हणाली आणि पुढे गेली.

तेव्हा चारी बाजूंनी एक आवाज आला. दाट, ओला, एकाच वेळी दूरचा आणि जवळचा.

"मला कोणी पेरलं नाही. मी पिकवणारी जात. हाताला लागलं ते पेरलं."

"काळीआई, माझ्या भावाला सोड."

"माझ्या उरात काटा आहे. तो आधी काढ."

मंजिष्ठेनं वर पाहिलं. महालाच्या पायाखाली, काळ्याशार मातीच्या मधोमध, एक तांबडा गोळा होता. भोवतालची माती त्याच्यापासून आक्रसून दूर झाली होती. तिनं हात घातला. बोटांना बारीक, खरखरीत खडे लागले. काळीत खडे नसतात. हा माळाचा मुरूम होता.

मुहूर्ताच्या दिवशीचा ढीग तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला सगळं कळलं.

तिनं मुरूम काढून ओटीत घेतला. सगळा मिळून ओटीभरच झाला. सलणारी गोष्ट लहानच असते.

"माझा खड्डा अपुरा होता," काळी म्हणाली. "मी नाही म्हटलं होतं. माझ्या तोंडी परकी माती कोंबून मला हो म्हणायला लावलं. ती तूट तुझा भाऊ भरतो आहे. तो खरं बोलेपर्यंत, नाहीतर संपेपर्यंत."

मंजिष्ठा वर आली ती थेट भावाकडे गेली. माती त्याच्या कंबरेवर आली होती. तिनं ओटी उघडून दाखवली. राजानं मुरूम ओळखला.

"घटिकापात्र बुडायला आलं होतं," तो हळूच म्हणाला. "मुहूर्त टळला असता. भैरवजटी म्हणाला, मातीला माती काय ओळखते? पडद्याआड मुरमाची एक पाटी आणवली. एवढंच."

"एवढंच, दादा?"

राजानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मंजिष्ठा माळावर गेली. तिथं वारा होता आणि धूळ होती. धुळीचं खिल्लार होतं. शिंगं, वशिंडं, शेपट्या, सगळं धुळीचं. डोळे मात्र नव्हते. ती जनावरं खडकाला नाक लावून गवत हुंगत फिरत होती आणि त्यांच्या पावलांचा आवाज होत नव्हता. त्यांनी ओटीतल्या मातीचा वास घेतला आणि ती भोवती गोळा झाली. एका गाईची जीभ मंजिष्ठेच्या मनगटाला लागली. जीभ कोरडी होती, आणि लागली तिथं कातडीवर धुळीचा थर बसला.

ती पळाली नाही. पळालं की धूळ उडते. तिनं सुटे दगड उचलले आणि उताराला आडवे, एकापुढे एक मांडले. दगडांच्या वरच्या अंगाला ओटी सोडली आणि म्हणाली, "माळा, तुझं तुला परत."

"नांगर?" माळानं विचारलं. त्याचा आवाज दगडावर दगड घासावा तसा होता.

"यापुढे नाही. गवत आणि गुरं, एवढंच."

वारा पडला. धुळीच्या गाई एकेक करून दगडांच्या ओळीशी आल्या, बसल्या आणि बसल्या जागी माती झाल्या. त्या मातीतून मारवेल गवताचं एक हिरवं पातं वर आलं. टिटवी कुठूनशी आली आणि शेजारी बसली.

"दोन झाली," ती म्हणाली. "तिसरी गोड बोलते. जप."

पांढरीवर मंजिष्ठा पोचली तेव्हा ओस घरांतून धूर निघत होता. दारं झाडलेली होती. ओट्यांवर माणसं बसली होती, पांढऱ्या मातीची. लोहाराची म्हातारी होती, कोष्ट्याची सून होती, नाक पुसणारं पोर होतं. खरी माणसं खाली नगरात होती. ही त्यांची रिकामी जागा भरून बसली होती. सगळ्यांनी एकदम मान वळवली.

पारावर धवलकेतू बसला होता. पाय धडधाकट, चेहरा हसरा.

"मंजिष्ठे, दमलीस," तो म्हणाला. आवाज अगदी त्याचाच. "बस. पाणी घे."

पारामागून पांढरी बोलली, आजीनं नातीशी बोलावं तशी. "माझी माणसं गेली, म्हणून मी करून घेतली. तुझा भाऊ अर्ध्याहून अधिक काळीचा झाला, बाळ. हा अख्खा आहे. हाच ने. राजमुकुट त्याच्या डोक्याला बरोबर बसेल."

मंजिष्ठेचं मन डळमळलं. केस तसेच होते, कपाळावरची लहानपणची खोकसुद्धा होती. तिनं जवळ जाऊन नीट पाहिलं आणि विचारलं, "दादा, काळीतला खड्डा कुणी भरला?"

पांढरा राजा हसला. "कसला खड्डा? माझ्या हातून कधी चूक झालेली नाही."

मंजिष्ठा दोन पावलं मागे सरली. "मग तू माझा भाऊ नव्हेस. पांढरीआई, मला माझाच हवा. तुझी माणसं मी तुला परत आणते."

ती धावत नगरात गेली. बैलगाडी आणवली. राजाला उचलायला गडी कमी पडले, इतका तो जड झाला होता. माती छातीवर आली होती. गळा आणि हात तेवढे उरले होते. गाडीमागून सगळं नगर चाललं. पांढरीच्या शिवेवर लोकांना आपापली पांढरी रूपं ओट्यावर दिसली. लोहाराची म्हातारी म्हणाली, "मी इतकी वाकले आहे होय?"

पारापाशी राजाला उतरवलं. तो सर्वांदेखत बोलला. "काळी नाही म्हणाली होती. मी माळाची माती चोरून तिच्या तोंडी घातली आणि तुम्हाला ढीग दाखवला. आता पांढरीला विचारतो."

त्यानं हातांनी खड्डा खणला. नखं तुटली. मग माती परत लोटली, शेवटच्या चिमटीपर्यंत. लोक पुढे वाकले.

माती कमी पडली.

कुणीतरी हुंदका दिला. राजाच्या उजव्या हाताशी खड्ड्यातली नव्हे अशी माती होती, सैल, ओंजळभर, आत लोटली तरी कुणाला दिसणारही नाही अशी. मंजिष्ठेला ती दिसली. राजालाही दिसली. काळे कण त्याच्या गळ्यावरून हनुवटीकडे चढत होते.

राजानं हात मांडीवर ठेवले.

"नाही म्हणते आहे," तो म्हणाला. "ठीक आहे. मी इथं राहत नाही. पण, पांढरीआई, माझ्या माणसांना राहू दे."

तेव्हा ओट्यांवरची पांढरी माणसं उठली. एकेक करून खड्ड्याशी आली आणि विरघळत गेली. म्हातारी, सून, पोर. पांढरीनं त्यांना घडवलं होतं, म्हणूनच तिची माती कमी पडली होती. आता ती आपली माती परत करत होती. सगळ्यांत शेवटी पांढरा राजा आला. त्यानं मंजिष्ठेकडे पाहिलं, आणि जाता जाता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच मावळलं. खड्डा भरला. वर ढीग उरला, टोपलीभर, सगळ्यांना दिसेलसा.

खऱ्या राजाच्या अंगावरून काळी माती ढेकळांनी गळून पडली.

लोक पांढरीवर परतले, त्यांच्याबरोबर राजाही. महाल उतरवला गेला. त्याचे दगड गाडीगाडीनं माळावर गेले आणि उताराला आडवे बसले. माळावर पुन्हा नांगर चढला नाही. गवत वाढलं, टिटवीची अंडी त्यात दिसेनाशी झाली. काळीत पेरणी झाली. पहिल्या पिकाबरोबर ओळीतून समई उगवली, पैंजण उगवलं, आणि एका सकाळी वासरू पाय झाडत बाहेर आलं. भैरवजटी सगळ्यांत शेवटी उगवला. तो पुढं कधी कुणाला सल्ला देताना दिसला नाही.

राजाच्या डाव्या पायाची करंगळी मात्र काळ्या मातीचीच राहिली. दर उन्हाळ्यात तिला भेग पडे. पाऊस पुरेसा झाला की भेग मिटे आणि तिथं हरभऱ्याचा एवढासा कोंब येई. तो दिसला की राजा म्हणे, "आता पेरा." लोक पेरत.

काळीचं काळीला गेलं, माळाचं माळाला, पांढरीचं पांढरीला. आणि कहाणी जिथून उगवली तिथंच रुजली.