लिंपलेली ताल

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे खेकडेसुद्धा बोलत आणि माणसं ऐकत, तेव्हाची ही गोष्ट. आता सगळीच माणसं ऐकत असं नाही हं. आपला भागोजी तर मुळीच नाही.

भागोजी डोंगराखालच्या भातगावचा. लग्न करून तो वर येसूच्या घरी राहायला गेला, घरजावई म्हणून. येसूचे आईबाप वारले होते. उतारावर एक घर आणि घराच्या डोक्यावर पायऱ्यापायऱ्यांची शेती, एवढं तिच्यासाठी ठेवून गेले होते.

खालच्या गावाला काय, निमित्तच हवं! “लेकी सासरी नांदायला जातात. हा बघा, जावई निघाला!” भागोजीच्या मनाला ते फार लागलं. काहीतरी करून दाखवीनच, असं त्यानं ठरवलं.

आणि केलंही हो पठ्ठ्यानं. पावसाळा सरताच बांबू फोडून त्यानं झऱ्याचं पाणी परसात आणलं. पोकळ ओंडक्यात मधमाश्या वसवल्या. थंडीत भोपळे वाळवून, कोरून बियाणं ठेवायला भांडी केली.

“हाताला गुण आहे हो तुमच्या,” येसू म्हणायची, की भागोजी दोन बोटं उंच व्हायचा.

मग त्यानं सगळ्यांत वर एक नवी पायरी करायला घेतली. डोंगरातली शेती अशीच होते. उतारावर दगडांची भिंत रचायची, तिच्यामागे माती भरायची. त्या भिंतीला म्हणतात ताल. दगड डोंगर हवे तेवढे देतो, माती मात्र फुकट देत नाही. दोघांनी ओढ्याकाठचा गाळ पाट्यापाट्यांनी डोक्यावरून वर वाहिला. थंडी संपली, ऊन तापलं, तरी वाहतच होती. चुंबळीखालचे येसूचे केस झिजून गेले, पण तिनं हूं की चूं केलं नाही.

ताल उभी राहिली, आणि भागोजीनं शेणमाती कालवून तिची फट न् फट लिंपून टाकली.

“अहो, आमच्यात ताल लिंपत नाहीत,” येसू म्हणाली.

“का?”

येसू गडबडली. “का ते नाही ठाऊक. लिंपत नाहीत, एवढं खरं.”

“हे बरं आहे! अगं, आमच्याकडे भाताच्या बांधाला मुंगीएवढं भोक पडलं, तरी बाप पाठीत धपाटा घालायचा. बांध कसा गच्च हवा!”

आणि तेवढ्यावर थांबेल तो भागोजी कसला! घराच्या अगदी वरची, सासऱ्याच्या आज्यानं रचलेली जुनी ताल लिंपायला बसला. हातभर काम झालं असेल नसेल, तोच एका फटीतून खेकडा डोकावला.

“जावईबापू, माझं दार का बुजवता?”

“दार कसलं? भोक आहे ते. सगळी माती वाहून जाईल त्यातून.”

“आमच्या खापरपणज्यापासून इथून पाणीच जातं. माती जाताना कुणी पाहिली नाही.”

“गप रे! आता खेकड्यानं मला शेती शिकवायची काय?” असं म्हणून भागोजीनं चिखलाचा गोळा फटीत कोंबला.

खेकडा चिखलातून बाहेर सरसावला. त्यानं नांगीत बोट धरलं आणि दाबलं. भागोजीच्या बोंबेनं डोंगर दणाणला. बोट सुजून काकडीएवढं झालं, आणि ते उतरेपर्यंत पाऊस आला. लिंपण तिथंच राहिलं.

नव्या पायरीवर दोघांनी नाचणीची रोपं लावली. ती तरारली. मग आषाढात पावसानं असं ठाण मांडलं, की डोंगर दिसेनासा झाला. एका सकाळी भागोजी इरलं घेऊन वर गेला, आणि पाहतो तर त्याच्या नव्या तालीला पोट आलेलं! गच्च भिंतीमागं पाणी कोंडलं होतं. तो “येसू!” म्हणून ओरडला, तेवढ्यात ताल फुटली. दगड, माती, रोपं, सगळा लोंढा त्याच्या डोळ्यांदेखत मधल्या पायऱ्यांवरून खाली घरालगतच्या जुन्या पायरीवर कोसळला.

आता जुनी ताल फुटली, की खालचं घर गेलं. आणि घरात येसू होती.

भागोजी पडत-धडपडत खाली धावला. जुन्या तालीसमोर आला आणि जागच्या जागी खिळला. अहाहा, काय सांगू तुम्हाला! तालीच्या फटीफटीतून पाणी झरत होतं. दगडादगडातून पांढऱ्याशुभ्र धारा सुटल्या होत्या, अख्खी भिंतच वाहत होती. पण एकही दगड हलत नव्हता, आणि पाण्यात मातीचा कणही नव्हता. एवढा मोठा डोंगर त्या भिंतीतून पाणी सोडत होता, आणि ती आपली शांत उभी होती. भागोजीचे हात आपोआप जोडले गेले.

फक्त एका कडेला धार नव्हती. तिथं हातभर लिंपण होतं, आणि तिथलेच दगड पुढे झुकू लागले होते.

“येसू, बाहेर पळ!” भागोजी ओरडला आणि नखांनी लिंपण उकरू लागला. येसू बाहेर आली, पण पळाली नाही. विळा घेऊन त्याच्याशेजारी उभी राहिली. दोघांनी मिळून चिखल खरवडला. आतून पाणी असं उसळलं, की भागोजी उताणा पडला. मग धारा बारीक झाल्या, निवळल्या, आणि झुकलेले दगड झुकलेल्या जागी थांबले.

“म्हणून लिंपत नाहीत होय,” येसू हळूच म्हणाली. त्यामागचं कारण तिलाही आजच कळत होतं.

डोक्यावरून वाहिलेली निम्मी माती ओढ्यानं परत नेली. उरलेली जुन्या पायरीवर अडकली होती. त्या वर्षी दोघांनी अर्ध्या पोटी दिवस काढले. पुढच्या उन्हाळ्यात भागोजीनं पुन्हा ताल रचली, या वेळी फटी राखून. आषाढात तिच्यातून पहिली निवळ धार सुटली, तेव्हा त्यानं ती ओंजळीत धरली, डोळ्यांना लावली आणि जाऊ दिली.

म्हणून म्हणतात, जे राखायचं ते राखायला, जे जायचं त्याला वाट द्यावी.