सरकारांची मोटार आणि लंगोटांची तार

सरकारांनी हॉर्न दाबला आणि काचेवरचे वायपर फडाफडा हलायला लागले! रणरणत्या उन्हात! वळायचा दिवा लावला, तर पुढचे मोठे दिवे पेंगायला लागले. शेजारच्या संस्थानचे पाहुणे गाडीत होते. ते म्हणाले, "वा! आंबेघोळची मोटार धन्याला मुजरा करते वाटतं!"

अमृतराव सरकारांचं नाक लाल झालं. वाड्यावर येताच त्यांनी ड्रायव्हर मल्हारीला समोर उभं केलं.

"उद्या व्याही येताहेत. आमच्या लेकीची सुपारी फुटायची आहे. त्यांना आणायला ही मोटार जाईल, आणि तोवर ती शहाणी झाली पाहिजे! पण आमच्या वडिलांची, आबासाहेबांची गाडी आहे, परका भाग लावायचा नाही. आणि दसऱ्याचा रंग ताजा आहे. त्यावर कुणाचं नख जरी उमटलं, तर गॅरेजमागची खोली रिकामी करायची!"

त्या खोलीत मल्हारीची बायको सगुणा राहायची, नुकत्याच रांगायला लागलेल्या लेकराला घेऊन. आधीच तिचा जीव टांगणीला. गॅरेजात गाडीखाली उतरायचा खड्डा होता. लेकरू दाराकडे वळलं की सगुणाला तो खड्डाच दिसायचा. आता तर खोलीच जायची वेळ!

"अहो, हे असं कधीपासून होतंय?" तिने विचारलं.

"झालं असेल पंधरा-वीस दिवस."

"म्हणजे दसऱ्यापासून! गेल्या दसऱ्यानंतरही दिवे मंदावले होते. मला डोहाळे लागलेले, तुम्ही चिंचा आणायला म्हणून निघालात आणि गाडी गोठ्यात घातलीत!"

"ते कशाला आता!"

"दसऱ्याला गाडीचं करता काय?"

"करायचं काय? हुकूम आहे. ब्रश पोचेल तिथे रंग! बॉनेटखाली, बोल्ट-नट काढून त्यांच्याखालीही. आबासाहेबांपासून थरावर थर चढतोय."

"आणि बॅटरीतली वीज दिव्यात गेली की परत कशी येते?"

"गाडीच्या लोखंडातून. ही जाड वायर बोल्टाने लोखंडाला आवळलीय ना, तिच्यातून."

"आणि त्या बोल्टाखाली रंग!"

मल्हारीने कपाळावर हात मारला.

"घरी जायची वाटच बुजवलीत तिची," सगुणा म्हणाली. "मग हॉर्नची वीज वायपरच्या घरात शिरणार नाही तर काय करणार? बिचारी वाट शोधत हिंडतेय!"

"अगं, पण रंग खरवडायचा कुणी? खोली जाईल!"

"ती काळजी माझ्यावर सोडा. नाहीतरी मी दुसरं काय करते?"

सकाळी सरकार फेटा बांधून, कमरेला कट्यार खोचून आले. सगुणा कडेवर लेकरू आणि हातात तारेचं वेटोळं घेऊन उभी.

"हे काय? परका भाग नको म्हटलं होतं!"

"भाग नाही सरकार, लंगोट वाळत घालायची तार आहे. ती मोटारीत ठेवली तर मी लंगोट कुठे वाळवू?"

मल्हारीने तारेचं एक टोक बॅटरीच्या जाड वायरीशी जोडलं. दुसरं टोक सगुणाने दाराखालच्या पायरीच्या काठाला घट्ट दाबून धरलं. हॉर्न वाजला. वायपर गप्प! दिवे लख्ख!

"शाबास! झालं की!" सरकार म्हणाले.

"नाही झालं. तार काढली की परत मुजरा. त्या बोल्टाखालचा रंग रुपयाएवढा खरवडायला हवा."

"खबरदार!" सरकार गरजले.

"बरं. पण सरकार, मी तार धरली तिथे रंग का नाही?"

सरकारांनी वाकून पाहिलं. पायरीचा काठ चकचकीत उघडा पडला होता.

"आमचा जोडा घासतो तिथे. चढता-उतरता."

"रोज घासतो! मग कुणी खोली रिकामी केली?"

मल्हारीने डोळेच मिटून घेतले.

"म्हणजे हा हुकूम सरकारांच्या हातापायांना लागू नाही," सगुणा म्हणाली. "कट्यार तर कमरेलाच आहे. दसऱ्याला नुसती पूजा खाते. आज तिला कामाला लावा!"

सरकारांच्या मिशा थरथरल्या. आधी वाटलं, आता कडाडणार. पण आतून हसू असं उसळलं की फेटा कानावर आला! "पोरी, आमच्याच हाताने आमचा रंग काढतेस!" त्यांनी खसकन कट्यार उपसली.

"थांबा! आधी बॅटरीची वायर सोडवा हो!" सगुणा किंचाळली. "ठिणगी उडाली तर सरकारांचा फेटा जळेल, आणि परत आमचीच खोली जाईल!"

मल्हारीने वायर सोडवली, बोल्ट काढला. सरकार घाम गाळत खरवडत बसले. खाली लोखंड चमकलं. बोल्ट आवळला, वायर जोडली. हॉर्न दाबला, तर फक्त हॉर्नच वाजला!

"माग, काय हवं ते माग!"

"गॅरेजातल्या खड्ड्यावर झाकण."

"एवढंच? झाकण तर झालंच. खोलीही आजपासून तुझ्या नावावर! आणि मल्हारी, पुढच्या दसऱ्याला हा बोल्ट वगळून रंगव!"

व्याही गाडीत बसले. सरकारांनी विनाकारण चारदा हॉर्न वाजवला आणि मिशीला पीळ देत म्हणाले, "मोटार बिघडली होती. आम्ही स्वतःच्या हाताने दुरुस्त केली!"

आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.