भिंतीवरची थापी

फार मागे, उसाच्या एका गावात एक गुऱ्हाळवाली बाई राहत होती. जिभेनं फटकळ, पण व्यवहाराला चोख. एके साली ऐन हंगामाच्या तोंडावर तिचं चुलवण खचलं. चुलवण म्हणजे जिच्यावर गुळाची मोठी कढई, काहील, चढते, ती मोठी भट्टी. ती नाही तर गूळ नाही, आणि शेतात तर ऊस तोडीला आलेला!

शेजारगावच्या गवंड्यानं काम घेतलं. पंधरा दिवसांत चुलवण उभं करायचं ठरलं, निम्मी मजुरी आधीच दिली. गडी कामाला वाघ. चार दिवसांत कमरेएवढी भिंत उठवली. मग भिंतीवर आपली लिंपायची थापी ठेवून म्हणाला, "वहिनी, उद्या येतो." तो जो गेला, तो गेलाच.

त्या मुलखात एक रीत होती. अर्धवट कामावर एका गवंड्याची थापी असली, की दुसरा त्याला हात लावत नसे. बाईनं दोन गवंडी आणून पाहिले. दोघंही थापी बघून आल्या पावली परत गेले.

पहिल्या गवंड्याला निरोप धाडावा, तर उत्तर ठरलेलं: "थापी आहे ना तिथं? मग काळजी कसली!"

इकडे उसाला तुरे फुटू लागले. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडतो. वर्षाची मेहनत बाईच्या डोळ्यांदेखत वाळत होती.

तिचा दीर तापला. "वहिनी, फेका ती थापी विहिरीत! आणि त्या गवंड्याचा बैल आणून बांधू आपल्या दावणीला."

बाईचा हात थापीपर्यंत गेलासुद्धा. पण तिनं तो मागे घेतला. "नको भाऊजी. उद्या तोच गावभर सांगेल, मी येणारच होतो, हिनं हाकललं. चूक त्याची आहे, ती त्याचीच राहू दे."

मग दोन शेजारी साक्षीला घेऊन ती गवंड्याच्या दारात उभी राहिली. "आजपासून आठ दिवस देते. नवव्या दिवशी पंचांकडे जाईन."

"जा की!" गवंडी हसला.

नवव्या दिवशी ती खरंच गेली. पंचांनी येऊन भिंत मोजली, किती झालं, किती राहिलं ते लिहून काढलं, साक्षीदारांना विचारलं आणि गवंड्याला बोलावून घेतलं.

"मी काम सोडलेलं नाही," तो ऐटीत म्हणाला. "ही काय माझी थापी!"

म्हाताऱ्या पंचानं थापी उचलली. तिच्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. "बरं. आज सकाळी कुठं होतास?"

"पलीकडच्या गावात. एक ओटा बांधतोय."

"तिथं काय तळहातानं लिंपतोस?"

गवंड्याच्या कमरेला खोचलेली दुसरी थापी सगळ्यांना दिसत होती.

"अशा थाप्या आहेत तरी किती?"

"अकरा," तो पुटपुटला.

लोक खो खो हसले. बाईला मात्र हसू आलं नाही. आपल्यासारखेच आणखी किती जण वाट बघत बसले असतील, हेच तिच्या मनात आलं.

पंच म्हणाले, "काम सोडणाऱ्याची थापी आता आडवी येणार नाही. बाईनं दुसरा गवंडी लावावा. ठरल्यापेक्षा जास्त लागेल ते ह्यानं भरावं. आधी घेतलेल्या पैशांतली चार दिवसांची मजुरी मात्र ह्याची, ती ह्यालाच राहील; बाकीचे परत करावेत."

नव्या गवंड्यानं सहा दिवसांत चुलवण उभं केलं. काहील चढली, गूळ झाला. नदीकडचा ऊस तेवढा वाया गेला, आणि त्याचं बाईला फार वाईट वाटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतली नऊ माणसं तिच्या दारात आली. सगळ्यांच्या अर्ध्या भिंतींवर त्याच गवंड्याची थापी होती.

बाईनं त्यांना गूळपाणी दिलं आणि सांगितलं, "साक्षीदार न्या, दिवस ठरवून द्या, नाही आला तर पंचांकडे जा, आणि थापीला हात लावू नका. फक्त माझ्यासारखा उशीर करू नका."

तात्पर्य एवढंच: काम अर्धवट टाकणाऱ्याशी भांडण्यापेक्षा त्याला साक्षीनं मुदत द्यावी आणि वेळेत न्याय मागावा. रागाच्या भरात केलेली आपली एक चूक त्याच्याच उपयोगी पडते.