हातोड्यांनी काय घडवलं?

दगडांनाही प्रश्न पडायचे, त्या काळची गोष्ट. शिल्पांच्या संग्रहालयात मैफलीसाठी एक पियानो आणला होता. शेजारची दगडी नर्तकी त्याच्या उघड्या झाकणातून आत डोकावली.

“अगंबाई, केवढ्या हातोड्या! माझ्या शिल्पकाराकडे एकच होती. तू यांनी काय घडवतोस रे?”

पियानो ओशाळला. “काहीच नाही गं. हातोडी तारेवर पडते, सूर उमटतो आणि विरून जातो. मागे साधी कपचीही उरत नाही.”

संध्याकाळी मैफल सुरू झाली. खोकणारे आजोबा खोकायचे विसरले. “कधी संपणार?” म्हणून आईला भंडावणारी चिमुरडी आ वासून बसली. शेवटचा सूर विरला, तरी कुणी हललं नाही.

नर्तकी हळूच म्हणाली, “काहीच नाही म्हणे! मग हे एवढे पुतळे कुणी घडवले?”