उंदराकडचा हाकारा आणि वांग्यातली जांभळी

फार जुनी गोष्ट. म्हणजे परवाचीच, पण पानांच्या हिशेबात परवा म्हणजे युग. वांग्याच्या एका कोवळ्या पानात, हिरव्या धुक्यासारख्या पेशीत, हजारो खोल्या होत्या आणि खोलीखोलीत एकेक कारागीर झोपलेला होता. हसू नका, तुमच्याही पोटात असे पुष्कळ घोरत पडलेत! त्यांना दार वाजवून उठवणारे हाकारे वेगळे. रंग करणाऱ्या जांभळीचा हाकारा तेवढा हरवला होता. बाहेर ऊन चढत होतं आणि रंगावाचून पान करपू लागलं होतं.

अशात कुणा खटपट्या माणसानं सुईतून उंदराच्या अंगातला एक हाकारा तिथं सोडला. त्याचं नाव टकटक्या.

"अगं बाई, शेपटीवाल्यांकडचा पाहुणा!" राखणीला बसलेली हिरवामावशी हसली. "तुला काय येतं रे?"

"एकच, मावशी. दोनदा टकटक, जरा थांबायचं, मग एकदा. आमच्याकडे त्यानं मिश्या करणारा उठतो."

"वांग्याला मिश्या? बाजारात तोंड कसं दाखवायचं?" मावशी दचकली. पण पानाची कड काळवंडली तशी म्हणाली, "वाजव, मेल्या!"

जांभळीच्या दाराची खूणही नेमकी तीच निघाली. आतून जांभई ऐकू आली आणि डोळे चोळत जांभळी बाहेर आली. ती रंग कालवू लागली. सांजेच्या आभाळासारखी जांभळी सावली पानभर पसरली आणि उन्हाचा चटका निवला.

"आणि मिश्या?" टकटक्यानं बिचकत विचारलं.

"त्या कुठून आणू रे?" जांभळी म्हणाली. "उठवलंस तू, पण मला येतं तेच मी करणार ना!"